काळजी नसावी, हार्ड डिस्क अमर आहे

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) नावाचा एक रकाना असतो आणि त्यात बरेचदा 10 लाख तास असा आकडा छापलेला असतो. भागाकार करा, 114 वर्षं येतात. म्हणजे तुमच्या नातवाच्या साठीशांतीचे फोटोही याच डिस्कवर मावायला हरकत नाही. बॅकअपचा विषय इथेच मिटला. या आकड्याचा खरा अर्थ एवढाच, की हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांतल्या आठ-नऊ दगावतील. तोही डिस्क तरुण असेपर्यंत. पाचेक वर्षांनंतरचं काही बोलूच नका. पण इतक्या खोलात कशाला शिरायचं? त्या आठ-नऊ जणांत आपला नंबर थोडाच लागणार आहे! आपला तर म्हाडाच्या सोडतीतही लागत नाही.

आता डिस्क ठेवायची जागा. डिस्कमधली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण 70-80 हजार नॅनोमीटर जाड. तेव्हा कॅबिनेट टेबलाखाली, येता-जाता पाय लागेल असंच ठेवा. एक्स्टर्नल डिस्क असेल तर ती उभी करा आणि तिची वायर चहा आणणाऱ्याच्या वाटेतून न्या. बंद डिस्कचं हेड बाजूला विसावलेलं असतं, तेव्हा ती बराच धक्का सोसते. म्हणून हलवायची झाली तर कॉपी चालू असतानाच हलवावी. बऱ्याच डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी 'हे भोक झाकू नका' असं इंग्रजीत बजावलेलं असतं. आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. कार्यालयाचा मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर चिकटवायला याहून सोयीची जागा नाही. (हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्कना हे भोक नसतं. त्यांच्या बाबतीत ही संधी हुकली.)

काही शंकेखोर लोक क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम टाकून डिस्कची नाडी बघतात. बघू नका. तिथे 05, सी5 आणि सी6 अशा तीन ओळी असतात: खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (तबकडीवरचे साठवणीचे बारीक कप्पे), वाचताना अडखळणारे सेक्टर आणि वाचताच न येणारे सेक्टर. या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याऐवजी काही दिसायला लागलं आणि निळी खूण पिवळी झाली, तर 'अजून लाल कुठे झालीय?' असं म्हणून खिडकी मिटा. गुगलने 2007 साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत मरण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. म्हणजे तब्बल दोन महिने हातात आहेत, एवढी घाई कसली? त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांहून जास्त डिस्कनी मरण्याआधी असली एकही खूण दाखवली नव्हती, तेव्हा बघून तरी काय उपयोग! घाबरायचंच असेल तर सी7 या ओळीला घाबरा. तो आकडा बहुतेक वेळा सैल किंवा खराब डेटा केबलमुळे चढतो, केबल बदलली की वाढायचा थांबतो. अशा वेळी तडकाफडकी चांगली डिस्क भंगारात द्यावी.

बॅकअप घ्यायचाच असा घरच्यांचा हट्ट असेल तर तो 'डी' ड्राइव्हवर घ्या. 'सी'मध्ये विंडोज असतं म्हणून तिथे धोका, 'डी' मात्र सुरक्षित, हे आपल्याकडे असेंबल्ड पीसी विकणाऱ्या प्रत्येकाने सांगून ठेवलंय. दोन्ही बरेचदा एकाच डिस्कवर असतात हा तपशील गौण. खोलीच्या मधे पडदा लावला की घरं दोन होतात, तसंच हे. त्याहून आधुनिक व्हायचं असेल तर फोनमधले फोटो एक्स्टर्नल डिस्कवर 'कट-पेस्ट' करा आणि त्यालाच बॅकअप म्हणा. प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे, फक्त ती आता हातातून पडू शकते. ही डिस्क कायम पीसीला लावून ठेवावी. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर त्याला शोधाशोध करावी लागू नये, वीज पडली तर दोन्ही एकदम जावेत आणि चोराचीही एकच खेप व्हावी. क्लाउड सिंक असेल तर उत्तमच. तुम्ही लॅपटॉपवर फोल्डर उडवलंत की ते तिथूनही आज्ञाधारकपणे उडतं. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते 30 दिवस थांबतं, तेवढे दिवस तिकडे फिरकू नका.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असं एक सूत्र फोटोग्राफर मंडळींत फार चालतं. त्या लोकांना वेळ असतो.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क, घेतली असेल तर जुनी कागदपत्रं तिच्यात भरा आणि ती मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवा. लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय 30 अंश सेल्सियसला एक वर्ष डेटा धरून ठेवावा, एवढीच जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. माळ्यावर 30 अंश कधी असतात, ते तुम्हीच सांगा. एसएसडीचा आणखी एक गुण म्हणजे ट्रिम: फाइल उडवली की तिची जागा मोकळी झाल्याचं विंडोज कळवतं आणि एसएसडी सवडीने ती खरोखर पुसून टाकते. मग रिकव्हरीवाल्याच्या घरी हेलपाटेही वाचतात.

आता मुख्य प्रसंग. एक दिवस डिस्क टक्... टक्... टक् करेल. हेडला तबकडीवर आपली जागा सापडत नाहीये आणि ते पुन्हापुन्हा फेऱ्या मारतंय, असा याचा सर्वसाधारण अर्थ. या घडीला वीज बंद करून डिस्कला हात न लावणं हा भेकडपणा झाला. दहा वेळा रीस्टार्ट करा. हेड तुटलं असेल तर प्रत्येक वेळी तबकडीवरचा आणखी थोडा चुंबकी थर खरवडून निघेल. आवाज न करता नुसती रडतखडत चालणारी डिस्क असेल तर तिच्यावर विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन 'चेकडिस्क' सोडा, तेही '/आर' लावून. ते मरणाऱ्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावतं आणि वर फाइलींची व्यवस्थाही बदलून ठेवतं. डीडीरेस्क्यूसारखी साधनं आधी सहज वाचता येणारा भाग तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात, काय राहिलं त्याचा नकाशा ठेवतात आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतात. एवढा संयम आपल्याला कुठला? चुकून डिलीट झालेल्या फाइली शोधायचा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर डाउनलोड करा, म्हणजे तो नेमका त्या फाइलींच्या जागेवर बसेल.

तरी जमलं नाही, तर डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरेल, ते बघण्यासारखं असतं. मग चांदणीच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर आणून पंख्याखाली झाकण उघडा. किंवा तशाच मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून लावा. प्रत्येक डिस्कच्या हेडची खास जुळवणी बऱ्याचदा मूळ बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये असते आणि ती चिपही उचलून नव्या बोर्डावर लावावी लागते. तुम्ही लावू नका. हे सगळं उरकल्यावरच रिकव्हरीवाल्याकडे जा आणि त्याने विचारलं तर सांगा, 'काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडली.'

एखाद्याने यातलं काहीच न करता शहाण्यासारखा बॅकअप घेतला असेल, तरी निराश होऊ नये. तो कधीही उघडून बघू नका, म्हणजे झालं. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर उडवायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या व्यवस्था पाच होत्या. त्यांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीमुळे गुपचूप फसत होता आणि फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. तुम्ही मात्र कंपनी नाही, तेव्हा एक व्यवस्था पुरे.

जाता जाता: नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क बरेचदा तुम्हाला न विचारताच कुलूपबंद झालेली असते. तिची 48 आकडी किल्ली मिळवा, 'अतिमहत्त्वाचे' नावाच्या फाइलीत लिहा आणि त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवा. मदरबोर्ड बदलला की तो ती अदबीने मागेल.