इंचाचा शंभरावा भाग

रायफल झाडायला एक क्षण पुरतो. मागे उरलेली पितळी पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी करायला मात्र अख्खी संध्याकाळ लागते, आणि त्या संध्याकाळीचा सर्वांत मोठा घास पुंगळीची लांबी छाटण्याचे काम घेते. टेक्सासमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या, घरी वरणभात खाणाऱ्या माणसाला हे उद्योग कोणी सांगितले, असे मंडळातील लोक मला विचारतात. तयार काडतुसांच्या किमती आणि माझा काटकसरी स्वभाव यांची गाठ पडल्यावर दुसरे काही घडणे शक्यच नव्हते, एवढेच मी सांगतो. भारतात घरी काडतुसे भरायची तर शस्त्र कायद्याखाली परवाना हवा. इथे स्वतःपुरती भरायला तो लागत नाही. त्यामुळे रेंजवर गोळ्या झाडून झाल्या, की बाकीचे नेमबाज दुर्बिणीतून आपला नेम पाहतात आणि मी वाकून गवतातल्या पुंगळ्या वेचतो. हरणांना माझ्यापासून कसलाही धोका नाही. मी फक्त कागदावर गोळ्या झाडतो, आणि त्यातही कागदाचे फारसे नुकसान होत नाही.

माझ्या रायफलीला १९५२ साली बाजारात आलेले .३०८ विंचेस्टर हे काडतूस लागते. त्याची पुंगळी २.०१५ इंचांहून लांब असू नये, अशी मर्यादा अमेरिकी उत्पादकांच्या सॅमी या संस्थेने घालून दिली आहे, आणि छाटायची तर २.००५ इंचांवर आणावी, असे काडतुसे भरण्याच्या पुस्तकांत छापलेले असते. म्हणजे माझा सगळा संसार इंचाच्या शंभराव्या भागात मावतो. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर तो पाव मिलिमीटर भरतो. एवढ्या जागेत माणसाचे तीन-चार केस कसेबसे शेजारी शेजारी बसतील, आणि माझ्या डोक्यावर आता मोजायलाही फारसे उरलेले नाहीत.

पुंगळी मुळात वाढते का, हा प्रश्न बायकोने विचारला होता आणि तो रास्त होता. बार उडतो तेव्हा आतला दाब चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जातो, पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, भिंतींना चिकटते, आणि ती फुगलेली पुंगळी नंतर प्रेसवर डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा मूळ मापाची करावी लागते. सोऱ्यात दाबलेले पीठ जसे मोकळ्या तोंडाने बाहेर पडते, तसे दाबलेले पितळ मानेकडे, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद टोकाकडे, सरकते. वर डायमधला गोळा मानेतून बाहेर येताना तिला आणखी थोडी ओढतो. म्हणूनच लांबी मोजायची ती डायमधून काढल्यावर. आधी मोजून समाधान मानणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या संध्याकाळी मोकळ्या असतात आणि मला त्यांचा हेवा वाटतो, पण त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून नेमबाजी करायला मी तयार नाही.

कारण लांब पुंगळी वरून काही सांगत नाही. चेंबरमध्ये मानेची जागा जिथे संपते तिथे पायरी असते, आणि जादा लांबीचे तोंड त्या पायरीवर जाऊन बसते. चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या तरफेला इतका जोर असतो, की तो फारशी तक्रार न करता बंद होतो, आणि तेवढ्यात ते तोंड आत मुडपून गोळीला घट्ट आवळते. मग बार उडाल्यावर गोळीला सुटायला मान मोकळी होत नाही आणि दाब नको तितका चढतो. पुढचा विचार करत माणूस निमूटपणे कॅलिपर, म्हणजे जबड्यांत धरून लांबी मोजायचे उपकरण, हातात घेतो.

कॅलिपर हे मुळात माणसाची नियत तपासण्याचे यंत्र असावे. जबडे पुसून, मिटवून, शून्य पाहून मी पुंगळी धरतो तेव्हा तो २.०१६ दाखवतो; पुंगळी बोटांत जराशी फिरवली की २.०१४. पहिल्या आकड्याप्रमाणे ती छाटायला हवी, दुसऱ्याप्रमाणे मी जेवायला जाऊ शकतो. यात मोठा आकडा खरा धरायचा असतो. पोटात कावळे ओरडत असताना हा नियम पाळणाऱ्याला खरे तर एखादा पुरस्कार द्यायला हवा.

मग ट्रिमर, म्हणजे छाटायचे यंत्र. पुंगळीचे बूड त्याच्या पकडीत बसवायचे, तोंडात पायलटची दांडी सरकवायची आणि मूठ फिरवायची. सुरुवातीला खरखर ऐकू येते, आणि तोंडाच्या कडेला सोनेरी चंद्रकोर उमटते. तोंड तिरके होते याचा तो पुरावा. आणखी फिरवले, की कोर वाढत पूर्ण कडे होते, खरखर थांबून सुळसुळ उरते, आणि पात्याला कापायला काही राहिलेले नसते. एका पुंगळीपुरते हे दृश्य खरोखर सुंदर आहे. शे-दीडशे पुंगळ्यांच्या ढिगापुढे मात्र सौंदर्यदृष्टी लवकर संपते आणि मनगट बोलू लागते. त्यानंतर प्रत्येक तोंडाची आतली कड तासायची आणि बाहेरची धार मोडायची, नाहीतर नवी गोळी बसताना खरवडून निघते. हे सगळे ऑगस्टच्या उकाड्यात, गॅरेजमध्ये, पंख्याविना चालते, कारण पंखा लावला की पितळेचा कीस उडतो आणि नंतर घरात अनवाणी फिरणाऱ्या बायकोच्या टाचेत सापडतो.

‘‘अहो, मग यात वाचले किती?’’ असे तिने एकदा चिमट्याने टाच तपासत विचारले. मी वही काढली. प्रेस, डाय, ट्रिमर, कॅलिपर आणि त्याची नेमकी रविवारी संपणारी बॅटरी, एवढे मांडून झाल्यावर असे दिसले, की माझ्या वेळेची किंमत शून्य धरली तर आणखी काही वर्षांनी फायदा दिसू लागेल. ती किंमत शून्य धरण्याला घरात कोणाचाच विरोध नव्हता.

शेवटी तिच्या सल्ल्याने, आणि दुकानात सवलत होती म्हणूनही, मी तयार काडतुसांची खोकी विकत आणली. ना मोजणे, ना छाटणे. दुपार फार आनंदात गेली. संध्याकाळी निघताना पाहतो, तर बाकाखाली एकदाच झाडलेल्या, लखलखीत पुंगळ्यांचा सडा पडलेला. इतके चांगले पितळ गवतात सोडून येणे माझ्या रक्तात नाही, आणि आता डायमधून काढल्यावर त्यांतल्या निम्म्याहून अधिक २.०१५च्या पुढे गेल्या आहेत.