चुना मारलेले दगड आणि झेंडीवाला पोरगा: रस्त्याच्या कामाला एवढं पुरतं का?

रस्त्याच्या कामांवर देखरेख करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर वरचेवर फिरतो. त्याचा सारांश असा: काम एक-दोन दिवसांचं असेल तर तोंडाशी एक बोर्ड लावा, कडेने चुना मारलेले दगड नाहीतर वाळूची पिंपं मांडा, झेंडी देऊन एक पोरगा उभा करा, रात्री लाल कापड बांधा. बाकी प्लास्टिकचे कोन, बॅरिकेड, बोर्डांची रांग हे सगळं बिल फुगवायचं सोंग. समजा, दोन पदरी राज्य मार्गावर एका मोरीचं (रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या छोट्या पुलाचं) काम अर्ध्या रुंदीत चाललं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातून वाहतूक आलटूनपालटून सोडायची आहे. अशा ठिकाणी ही विधानं कितपत टिकतात ते पाहू.

“बोर्ड कामापाशीच हवा, लांब लावला तर लोक विसरतात.”

ताशी ८० किमी वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत रस्ते आखताना अडीच सेकंद धरतात, म्हणजे ५५ मीटर तिथेच गेले. पुरती थांबायला १२० मीटर लागतात. वेग ५० असेल तर ६० मीटर. कामापाशी लावलेला बोर्ड वाचून होतो तेव्हा गाडी खड्ड्याशी आलेली असते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ‘एसपी ५५’ या मार्गदर्शिकेत इशाऱ्याच्या टप्प्याची लांबी वेगावरून ठरते: ५० पर्यंत १०० मीटर, ५१ ते ८० ला १०० ते ३००, ८१ ते १०० ला ३०० ते ५०० मीटर.

लोक विसरतात हे खरं आहे. त्यावर इलाज म्हणजे एकाचे तीन बोर्ड करणं: आधी ‘काम चालू’, मग ‘रस्ता अरुंद’ आणि वेगमर्यादा, मग ‘पुढे झेंडीवाला’. दोन्ही बाजूंनी. मध्ये गावाचा फाटा येत असेल तर त्या फाट्यावरही. हा बोर्ड हमखास राहून जातो, आणि फाट्यावरून वर आलेल्या मोटारसायकलवाल्याने तोवर एकही इशारा पाहिलेला नसतो.

अंतर मोजायचं ते कामापासून नाही, थांबलेल्या रांगेच्या शेपटापासून. पंधरा ट्रक थांबले की रांग दोनशे मीटरच्या आसपास जाते. पहिला बोर्ड त्या रांगेच्या पोटात गेला तर तो असून नसल्यासारखा. वळणापलीकडे रांग लागत असेल तर बोर्ड वळणाच्या अलीकडे आणावाच लागतो.

“दगड आणि पिंपं कोनांपेक्षा भक्कम.”

भक्कम आहेत, हाच दोष. कोनाला गाडी लागली तर कोन उडतो. दगडाला दुचाकी लागली तर माणूस उडतो. कोनाचं काम वाट दाखवणं आहे, गाडी अडवणं नाही. जिथे खरोखर अडवायचंच आहे, म्हणजे मोरीच्या खोल खोदाईच्या कडेला, तिथे एकमेकांत अडकवलेले काँक्रीटचे किंवा पाण्याने भरलेले अडथळे हवेत. रिकामे प्लास्टिकचे अडथळे नुसते मांडून ठेवले तर ते वाऱ्यानेही सरकतात. सुटा काँक्रीटचा ठोकळा टोकाने वाहतुकीकडे तोंड करून ठेवणं तर दगडापेक्षा वाईट.

कोन ७५० मिलिमीटर उंचीचे, परावर्ती पट्टे असलेले घ्यावेत. आता एक खुबी, जी अनुभवी मुकादमही चुकवतात. बहुपदरी रस्त्यावर एक लेन बंद करताना कोनांची तिरकी रांग लांब लागते. अमेरिकी नियमावलीच्या सूत्राने, ताशी ६० किमी वेगापर्यंत, रांगेची लांबी म्हणजे लेनची रुंदी गुणिले वेगाचा वर्ग भागिले १५५. साडेतीन मीटरची लेन आणि ५० चा वेग धरला तर ५६ मीटर. पण झेंडीवाला गाड्या थांबवून सोडतो त्या दोन पदरी रस्त्यावर हीच रांग मुद्दाम आखूड, १५ ते ३० मीटर ठेवतात. लांब ठेवली तर चालकाला वाटतं, हळूच बाजूला सरकलो की झालं. आणि तो न थांबता समोरच्या गाडीच्या अंगावर जातो. कोनांमधलं अंतर आपल्याकडे तीन-चार मीटरच ठेवावं, जास्त ठेवलं तर दुचाक्या मधून घुसतात.

रांग संपली की मजूर आणि कोन यांच्यामध्ये मोकळी जागा सोडतात. त्या जागेत रोलर, खडीचा ढीग किंवा जेवणाचे डबे ठेवले की ती संपली. चुकून आत आलेली गाडी थांबावी म्हणूनच ती मोकळी असते.

“झेंडीवाला आहे ना, मग बाकी कशाला?”

एक झेंडीवाला दोन टोकं सांभाळू शकत नाही. काम अगदी छोटं, रहदारी तुरळक आणि दोन्हीकडचं लांबवर दिसत असेल तरच एकावर भागतं. एरवी दोन माणसं, आणि एकमेकांना दिसत नसतील तर वॉकीटॉकी. उभं राहायचं ते कडेला, वाहतुकीकडे तोंड करून, मागे पळायला वाट ठेवून. पहिली गाडी थांबल्याशिवाय लेनमध्ये यायचं नाही. झेंडी किमान ६० सेंटिमीटर चौरस. ‘थांबा’ आणि ‘जा’ लिहिलेली दुतोंडी पाटी त्याहून चांगली, कारण झेंडी हलवण्याचा अर्थ प्रत्येक चालक आपल्या परीने लावतो.

खरा घोटाळा वाहतुकीची पाळी बदलताना, म्हणजे एक बाजू थांबवून दुसरी सोडताना होतो. “दोन-दोन मिनिटं सोडा” हा सल्ला धोक्याचा आहे. दोनशे मीटरचा टप्पा ताशी २० ने पार करायला ३६ सेकंद लागतात. पण आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यांची कामं आणि उसाचा हंगाम एकदमच सुरू होतात. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ताशी १० ने गेला तर त्याला ७२ सेकंद हवेत. घड्याळ बघून पलीकडची बाजू सोडली तर तो मधोमध अडकतो, आणि मागे घेणं त्याला जमत नाही. म्हणून शेवटच्या गाडीच्या चालकाकडे रंगवलेली काठी द्यायची. ती पलीकडच्या झेंडीवाल्याच्या हातात पडल्याशिवाय तिकडची गाडी सोडायची नाही. वॉकीटॉकी बंद पडला तरी ही पद्धत चालते.

“रात्री काम बंद असतं, लाल कापड पुरे.”

लाल कापड रात्री हेडलाइटमध्ये काळपट दिसतं. परावर्ती पत्रा प्रकाश आला त्याच दिशेने, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवतो. कापड आणि साधी रिबन तसं करत नाहीत. आणि या पत्र्यावर मुरुमाची धूळ बसली की त्याचंही कापड होतं, म्हणून रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसणं हे एका माणसाचं ठरवलेलं काम हवं. लुकलुकणारा पिवळा दिवा सुरुवातीच्या इशाऱ्याला, तर कडा दाखवायला स्थिर दिवे. ओळीने सगळेच लुकलुकले तर वाट कुठून वळते ते कळत नाही.

“हा बिल वाढवायचा धंदा आहे.”

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या रस्तेकामाच्या तपशिलांत (स्पेसिफिकेशन्स), कलम ११२ नुसार, काम चालू असताना वाहतुकीची व्यवस्था ही कंत्राटदाराचीच जबाबदारी आहे आणि ती कामाच्या दरात धरलेली असते. वेगळा मोजला जातो तो तात्पुरता वळणरस्ता. म्हणजे कोन न लावता वाचलेला पैसा बहुधा खिशात जातो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याच्या सुरक्षा मानकांत कसूर होऊन कोणी मेला किंवा अपंग झाला तर कंत्राटदार, सल्लागार किंवा संबंधित प्राधिकरणाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

“काम संपल्यावर बोर्ड राहिले तर बिघडलं कुठे?”

रस्ता मोकळा असताना आठवडाभर ‘काम चालू’ वाचलेला चालक पुढच्या खऱ्या कामाच्या बोर्डाकडे बघतही नाही. जेवणाच्या सुट्टीतही ‘पुढे झेंडीवाला’चा बोर्ड झाकावा किंवा उलटा करावा. मांडताना सुरुवात लांबच्या बोर्डापासून, वाहतुकीच्या दिशेने कामाकडे येत. काढताना उलट: आधी कामापाशचे कोन आणि बॅरिकेड, सर्वांत शेवटी पहिला बोर्ड. सामान गोळा करणारा टेम्पो आधी पहिल्या बोर्डाशी नेला तर कोन गोळा करणारे मजूर इशाऱ्याविना रस्त्यावर राहतात.