जिभेवरून माणूस ओळखता येतो का?

'असलं बोलणारा माणूस घरी कसा वागत असेल?' हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरांत मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. मुलगा किंवा पुतणी मोबाईलवर एखाद्या स्टँड-अप विनोदकाराची क्लिप पाहत असते, त्यात आईबहिणीवरच्या शिव्या येतात, शरीरसंबंधांचा उघडावाघडा उल्लेख येतो, कधी देवधर्माची, कधी मरणाची थट्टा येते, आणि खोलीतले थोरले माणूस हा प्रश्न टाकून उठून जाते. विचारणाऱ्याची चीड खरी असते आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण त्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, की विनोद जितका घाणेरडा तितका माणूस घाणेरडा, आणि विनोद सोवळा असेल तर माणूसही सज्जन. हे गृहीत मला नुसते चुकीचे नव्हे, घातक वाटते, कारण त्याच्यामुळे जिथे नजर ठेवायला हवी तिथे आपण पाहतच नाही.

बिल कॉस्बीचे उदाहरण आधी घ्यावे लागेल. अमेरिकेतला हा विनोदकार कित्येक दशके स्वच्छ विनोदाचा आदर्श मानला जात होता. शिवी नाही, चावटपणा नाही, मुलाबाळांचे आणि संसाराचे किस्से, घरातल्या तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहावेत असे. दुसऱ्यांच्या शिवराळपणाबद्दल तो त्यांना दटावतही असे. मे २००४ मध्ये त्याने एका गाजलेल्या भाषणात गरीब कृष्णवर्णीय आईबापांना मुलांवरच्या संस्कारांवरून जाहीरपणे बोल लावले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने आपल्या घरी एका स्त्रीला गोळ्या देऊन तिच्यावर अत्याचार केला, असे २०१८ मध्ये ज्यूरीने ठरवले आणि त्याला तुरुंगात पाठवण्यात आले. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पूर्वीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचे आश्वासन दिले होते, हे त्याचे कारण होते. पण तोवर पन्नासहून अधिक स्त्रियांनी त्याच्याविरुद्ध तोंड उघडले होते. आणि ही गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर चर्चेत कशामुळे आली? २०१४ मध्ये हॅनिबल ब्युरेस नावाच्या एका तरुण विनोदकाराने रंगमंचावरून, सभ्य म्हणता येणार नाही अशा भाषेत, कॉस्बीच्या उपदेशांचा आणि त्याच्यावरच्या जुन्या आरोपांचा एकत्र उल्लेख केला, कुणीतरी ते मोबाईलवर टिपले, आणि ते सगळीकडे पसरले. ज्याची जीभ सोवळी होती त्याला लोकांनी वर्षानुवर्षे काहीही विचारले नाही, आणि जे विचारायला हवे होते ते शिवराळ माणसाने विचारले.

याची दुसरी बाजू म्हणजे अमेरिकन विनोदकार लेनी ब्रूस. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला केवळ रंगमंचावर वापरलेल्या शब्दांसाठी दोषी ठरवले, कामे मिळेनाशी झाली, आणि १९६६ मध्ये तो वारला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने त्याला मरणोत्तर माफी दिली ती २००३ मध्ये. तो संत नव्हता. पण शिक्षा झाली ती शब्दांना.

आपल्याकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे, कारण त्यात एकच समूह दोनदा वादात सापडला. डिसेंबर २०१४ मध्ये एआयबी या विनोदकारांच्या समूहाने मुंबईत वरळीला एक मोठा 'रोस्ट', म्हणजे पाहुण्यांची जाहीर टिंगल करण्याचा कार्यक्रम, केला. ज्यांची टिंगल होणार होती ते नट आणि दिग्दर्शक स्वतःहून, हसत त्या मंचावर बसले होते. व्हिडिओ बाहेर येताच संस्कृती बुडाल्याची ओरड झाली, पोलिसात तक्रारी झाल्या, आणि व्हिडिओ काढून घ्यावा लागला. त्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये याच समूहाबरोबर काम केलेल्या एका विनोदकाराने स्त्रियांशी केलेल्या वर्तनाबद्दल आरोप झाले, आणि समूहाच्या प्रमुखांपैकी एकाला हे आधी कळूनही त्याच्याबरोबर काम चालू राहिले होते, हे समूहालाच जाहीरपणे मान्य करावे लागले. माझ्या आठवणीत तरी पहिल्या प्रकरणावर आमच्या नात्यागोत्यात महिनोन् महिने चर्चा झाली, आणि दुसऱ्यावर फारसे कुणी बोलले नाही. पहिल्या प्रसंगात दुखावले गेलेले लोक मंचावर नव्हते, घरी बसून व्हिडिओ पाहत होते. दुसऱ्या प्रसंगातल्या मुलींना घडले ते समोरासमोर सोसावे लागले होते.

आणि इंदूरच्या माणसाला तर हा विषय आपल्या शहराचे नाव टाळून लिहिताच येणार नाही. १ जानेवारी २०२१ च्या संध्याकाळी छप्पन दुकान भागातल्या एका कॅफेत स्टँड-अप विनोदकार मुनव्वर फारुकीचा कार्यक्रम काही लोकांनी बंद पाडला आणि पोलिसांनी त्याला व त्याच्या बरोबरच्या मुलांना अटक केली. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा लागला. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात त्याने देवदेवतांचा अपमान केल्याचे दाखवणारा पुरावा नाही, असे पोलीस अधिकाऱ्यांनीच तेव्हा वार्ताहरांना सांगितले होते. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. म्हणजे महिन्याहून अधिक काळ एक माणूस आमच्या शहराच्या तुरुंगात होता, त्याने आधी कधीतरी केलेल्या आणि पुढे करील अशी भीती असलेल्या विनोदांवरून. त्याचे जुने विनोद ज्यांना बोचले त्यांचे बोचणे मी नाकारत नाही. तक्रार करण्याचा अधिकारही त्यांना आहे. पण त्या महिनाभरात माझ्या ओळखीच्या भल्याभल्यांनी 'असल्यांना असंच पाहिजे' असे म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात कृत्य नव्हते, प्रकार होता. बोलण्यावरून त्यांनी माणूस ठरवून टाकला होता.

इतके सगळे म्हटल्यावर विनोदकारांच्या बाजूने नेहमी दिले जाणारे उत्तर मला आयतेच स्वीकारता आले असते, ते म्हणजे 'मंचावर जो बोलतो तो मी नव्हे, ते एक पात्र आहे.' लिहून, घोटून, पंचवीस वेळा वेगवेगळ्या लोकांपुढे तपासून बांधलेल्या मजकुरापुरते हे उत्तर मी मानतो. बतावणीतल्या सोंगाड्याचे चावट बोलणे ऐकून त्याच्या घरात डोकवावे असे आपल्या आजोबा-पणजोबांना वाटले नाही, आणि रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यासमोर जे ओरडले जाते त्यावरून इंदूरकरांचे चारित्र्य कुणी ठरवत नाही. परंतु हे उत्तर सरसकट वापरले की तेही पळवाट बनते. लुई सी. के. या अमेरिकन विनोदकाराचे कार्यक्रम स्वतःच्या वासनेच्या, लाजिरवाण्या सवयींच्या कबुल्यांनी भरलेले असत आणि समीक्षक त्याला कलेतला प्रामाणिकपणा म्हणत. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच स्त्रियांनी सांगितले की तो त्यांच्याशी तसाच वागला होता, आणि त्याने ते खरे असल्याचे मान्य केले. त्यातल्या बहुतेक जणी त्याच क्षेत्रात धडपडणाऱ्या होत्या आणि त्याचा शब्द तिथे चालत होता. म्हणजे कॉस्बीच्या बाबतीत मंच हा मुखवटा होता, आणि इथे मंचावरची कबुली खरी निघाली. नुसते ऐकून यातले काहीही ओळखता आले नसते. दोन्हीकडे समान होती ती एकच गोष्ट, समोरची व्यक्ती 'नाही' म्हणायला घाबरेल अशा जागी या माणसांनी काय केले ती.

म्हणून मला वाटते की माणसाची परीक्षा मजकुरात नव्हे, तर ज्याच्यावर त्याची सत्ता चालते त्याच्याशी तो कसा वागतो यात करावी. आणि ही परीक्षा करायला मंचामागे जावेच लागते असेही नाही, कारण हल्लीच्या कार्यक्रमांचा मोठा भाग 'क्राउड वर्क'चा असतो. विनोदकार पहिल्या रांगेतल्या माणसाला नाव, गाव, नोकरी, लग्न विचारतो आणि उत्तरांवर तिथल्या तिथे विनोद करतो. इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या क्लिपांत याचीच गर्दी असते, आणि त्याला धंद्याचे साधे कारण आहे. लिहिलेला विनोद एकदा पाहिला गेला की तिकीट काढून येणाऱ्यापुढे तो जुना होतो, प्रेक्षकाशी झालेली बातचीत मात्र फुकट वाटता येते. पण यात एक बाजू लिहिलेली नसते. ज्याची टिंगल होते तो पात्र नसतो, घरून आलेला खरा माणूस असतो, आणि माईक एकाच्याच हातात असतो.

इंदूरच्या विजय नगरातल्या एका कॅफेत ओपन माईक, म्हणजे नव्या विनोदकारांना थोडा वेळ मंच देणारा कार्यक्रम, पाहताना हे मला फार जवळून दिसले. चालू कार्यक्रमात एक डिलिव्हरीवाला मुलगा ऑर्डर घ्यायला आला आणि काउंटरपाशी उभा राहिला. मंचावरच्या तरुणाने त्याला हेरले. 'भैया, इधर देखो, कितना पढ़े हो?' इथून सुरुवात झाली. मग गाव, मग वडील काय करतात, मग हिंदीचा उच्चार. मुलगा हसत होता, कारण साठ माणसे त्याच्याकडे पाहून हसत असताना दुसरे काय करायचे हे कुणी त्याला शिकवलेले नव्हते. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर वेळ धावत होती आणि तो दर दोन उत्तरांनी तिकडे पाहत होता. पार्सल आल्यावर त्याला खुर्च्यांमधून, मंचाच्या अगदी जवळून बाहेर जावे लागले, आणि पाठीवरच्या बॅगेची चेन लावायलाही तो थांबला नाही. ट्रायपॉडवरचा कॅमेरा चालू होता. त्या सगळ्या बोलण्यात एकही शिवी नव्हती. आमच्या घरातल्या थोरल्यांनी ती क्लिप पाहिली असती तर त्यांना त्यात आक्षेपार्ह काही सापडले नसते.

त्याच संध्याकाळी एका मुलीने सादर केलेला मजकूर मी इथे लिहू शकत नाही इतका उघड होता. मधेच तिने पहिल्या रांगेतल्या एका बाईंना लग्नाबद्दल काही विचारले, बाईंनी मान खाली घातली, आणि ती मुलगी लगेच 'आप आराम से बैठिए दीदी' म्हणून स्वतःवरच्या विनोदाकडे वळली. मला ती मुलगी माणूस म्हणून कशी आहे हे ठाऊक नाही. पण हातातल्या माईकचे वजन तिला कळत होते, एवढे मी पाहिले.

मंचामागे तर ही सत्ता आणखी उघडी असते, फक्त प्रेक्षकाला दिसत नाही. नव्या मुलांना पाच मिनिटांची जागा द्यायची की नाही हे एक-दोन जण ठरवतात. मानधन बहुधा नसतेच, असले तर कुणाला किती हे कुठे लिहिलेले नसते. रात्री उशिरा कार्यक्रम संपल्यावर मुलींनी घरी कसे जायचे आणि कुणाच्या गाडीवर बसायचे, हा प्रश्न असतो. ज्या नामांकित विनोदकाराबरोबर नाव जोडले गेले तर पुढची दारे उघडतील, त्याच्या रात्रीच्या मेसेजला काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न असतो. 'घरी कसा वागत असेल' असे विचारणाऱ्यांनी हे विचारावे असे मला कळकळीने वाटते. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतली मुले-मुलीही आता या मंचावर हिंदीतून बोलू लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांना मुलगी काय बोलते याची जेवढी काळजी आहे, तेवढी ती कुणाच्या भरवशावर तिथे जाते याची मला दिसत नाही.

२०२५ मधली दोन प्रकरणे याच कसोटीवर लावून पाहतो. मार्चमध्ये विनोदकार कुणाल कामराच्या राजकीय विडंबनावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली. ज्यांच्यावर विनोद होता ते सत्तेवर होते, त्यांच्या हातात सगळी साधने होती, आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी खुर्च्या फोडल्या. याचे समर्थन मी कोणत्याही कारणाने करणार नाही. त्याच वर्षी स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने समय रैनासह काही विनोदकारांना दिव्यांगांवरच्या विनोदांबद्दल जाहीर माफी मागायला सांगितले. या आजारावरच्या एका औषधाची किंमत कोट्यवधी रुपयांत जाते आणि तान्ह्या मुलांचे आईवडील लोकांपुढे हात पसरून ती रक्कम जमवतात. त्या याचनेवर केलेला विनोद मला निर्दय वाटतो, त्यात एकही अश्लील शब्द नसला तरी. इथे माफी मागणे योग्यच होते. ज्यांना बोच लागली त्यांच्या हातात ना माईक होता ना सत्ता.

मित्र विचारतात, मग शिव्यांबद्दल तुला काहीच म्हणायचे नाही का? म्हणायचे आहे. शिवी हाच विनोद समजणारे पुष्कळ जण कंटाळवाणे असतात, आणि आईबहिणीवरची शिवी मला स्वतःला सहन होत नाही, मी उठून जातो. उठून जाणे, तिकीट न काढणे, नापसंती स्पष्ट लिहिणे, हे सगळे प्रेक्षकाच्या हातात आहे आणि ते पुरेसे आहे. ज्याने मंचामागे खरोखर कुणाला इजा केली आहे त्याच्या तिकिटाचे पैसेही मी देणार नाही, मग त्याचा विनोद कितीही कसदार असो.

इंदूरमध्ये कॅफेच्या मालकांनी आणि ओपन माईक भरवणाऱ्यांनी ठरवले तर काही गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. प्रेक्षकातल्या कुणाचा चेहरा क्लिपमध्ये दिसत असेल तर ती टाकण्यापूर्वी त्याला विचारावे आणि नाही म्हटल्यास टाकू नये. तिकीट न काढता कामासाठी आलेल्या माणसाला, मग तो वेटर असो की डिलिव्हरीवाला, मंचावरून विनोदात ओढू नये. मानधन आणि क्रम आधी लिहून द्यावा, आणि तक्रार ऐकायला कार्यक्रम करणाऱ्यांच्या टोळीबाहेरची एक बाई असावी. विजय नगरातल्या त्या कॅफेच्या मालकांना मी हे पत्राने कळवले आहे. क्लिपबद्दलची पाटी दारावर लावायला ते तयार आहेत, बाकीच्या गोष्टींवर बोलणे चालू आहे. ज्यांची मुले या कार्यक्रमांत भाग घेतात त्यांनीही आपापल्या ओळखीच्या आयोजकांकडे हा विषय काढावा.