या, जरा हात लावा!

ऑफिसातलं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचंय? हमाल अजिबात सांगू नका. पाच माणसं पगारावर बसलेली असताना बाहेरच्याला पैसे देणं म्हणजे पाप.

कपाट रिकामं करू नका. आत 2009 पासूनच्या फायली आहेत? उत्तम. कागदाला कुठं वजन असतं!

दाराला सुतळी बांधू नका. वळणावर ते आपोआप उघडतं आणि खालच्याच्या कपाळाला भेटतं.

गुडघे वाकवू नका, पॅन्ट उसवते. कंबर आहे की.

"एक, दोन, तीन" ज्याचं त्याने म्हणावं. तीनला उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर, हेही ठरवू नका. गेल्या गुरुवारी आमच्यातल्या दोघांनी तीनला उचललं, दोघांनी तीननंतर. पाचवे साहेब. ते "हां, हां, उचला" म्हणत एका बोटाने कपाटाला आशीर्वाद देत होते. "तू उंच आहेस, तू खाली राहा," असं मला सांगण्यात आलं. जिन्यात खालच्यावर जास्त भार येतो, हे मला अकराव्या पायरीवर कळलं. डोळ्यांसमोर नुसता करडा पत्रा. वर काय चाललंय ते दिसत नाही, कुणी सांगतही नाही. तेवढ्यात वरच्या बाजूच्या भाऊंचा फोन वाजला. त्यांनी हात काढला! "सोडतोय" एवढी चार अक्षरंही नाहीत. कपाट माझ्या अंगठ्यावर आणि भाऊ फोनवर: "नाही मॅडम, लोन नकोय."

अरे, मार्केट यार्डातले हमाल बघा कधी. तिजोरी नेताना एकच जण बोलतो, बाकीचे ऐकतात. "टेकव" म्हटल्याशिवाय कुणी टेकवत नाही. त्यांच्यासाठी राज्यात 1969 पासून माथाडी कायदा आहे, कारण ओझं उचलणं हे काम आहे, "जरा हात लावा" नव्हे. इजा होईल एवढं वजन कामगाराला उचलायला लावू नका, असं 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 34 मध्ये लिहिलं होतं. ऑफिस म्हणजे कारखाना नाही, कबूल. म्हणून आमच्या कमरा लोखंडाच्या होतात का?

फायली काढायला अर्धा तास लागला असता, साहेब. आणि भाऊ, हात सोडण्याआधी तोंड उघडता येत नाही? लाज वाटू द्या. माझं नख काळंनिळं झालंय, कपाट अजून वळणावर तिरकं उभं आहे. उद्या परत हाक माराल. मी येणार नाही. हमाल सांगा.