‘गळ बोथट होता’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोनच तारे दिलेत आणि मुद्दाम मराठीत लिहिलंत, म्हणजे आपल्या मंडळींनी वाचावा म्हणूनच. म्हणून उत्तरही मराठीतच देतो. अर्ध्या रात्री पोर्टलंडहून गाडी हाकत मॉपिनला आलात, पूर्ण दिवसाच्या मासेमारीचे पैसे मोजलेत आणि रिकाम्या हाताने, नाराज होऊन परत गेलात, याबद्दल मी आणि माझी बायको दोघंही मनापासून दिलगीर आहोत. जेवण गार होतं हेही लिहिलंत, त्याकडे आम्ही लक्ष देत आहोत.

पण तुमचं एक वाक्य मला फार लागलं. “गाईडचा गळ बोथट होता म्हणून लागलेला मासा सुटला. दिवसभर चुकीच्या जागी उभं केलं, एकदा म्हणतो दोरी वर टाका, एकदा म्हणतो खाली, त्यालाच काही कळत नव्हतं.” डेशूट्स नदीवर लोकांना मासेमारीला नेतो, त्यावरच माझं घर चालतं. इथे आमच्याकडे येणारी बरीचशी मराठी माणसं एकमेकांच्या सांगण्यावरून येतात. त्यामुळे या वाक्याला नीट उत्तर द्यायलाच हवं.

आधी जागेबद्दल. तुम्ही म्हणालात की तुमच्या मित्राला खाली, व्हाइट रिव्हर मिळते त्याच्या पुढे मासा लागला होता, तिथे का नेलं नाही? व्हाइट रिव्हर माउंट हूडच्या हिमनदीतून येते. आदल्या दोन दिवसांत ऊन कडक होतं, बर्फ वितळला आणि त्याचा राखाडी गाळ खाली डेशूट्समध्ये उतरला. त्या पाण्यात फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा, माशाला दिसणार तरी कशी? म्हणून मी तुम्हाला संगमाच्या वर, मॉपिनच्याही वरच्या अंगाला नेलं, जिथे तळातले गोटे दिसत होते. होडीतून का टाकू दिलं नाही, हेही विचारलंत. या नदीवर होडीत बसून मासेमारी करायला कायद्याने बंदी आहे. होडी फक्त जागा बदलायला, गळ टाकायचा तो जमिनीवर पाय ठेवूनच. आणि शेरर्स फॉल्स या धबधब्यावर लाकडी माचांवरून हातजाळ्याने मासे काढताना जे लोक तुम्ही पाहिलेत, ते वॉर्म स्प्रिंग्जचे आदिवासी. १८५५ च्या तहाने राखलेला त्यांचा हक्क आहे तो. आपल्याला तो नाही.

आता ‘एकदा वर, एकदा खाली’. तुम्ही उभे होतात तिथे पाण्याखाली बसॉल्टचा एक कडा आडवा आलाय, आपल्या सह्याद्रीतला असतो तसाच काळा दगड. त्या कड्यामुळे प्रवाह फाटतो. मधे धावतं पाणी, अलीकडे संथ पाणी, आणि दोन्हीच्या मधोमध माणूस सावकाश चालेल त्या वेगाची एक पट्टी. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतणारा ट्राउट, थांबतो तो त्या पट्टीत. समुद्रापासून डेशूट्सच्या मुखापर्यंत कोलंबिया नदीतून सुमारे ३२५ किलोमीटर, वाटेत बॉनव्हिल आणि द डॅल्स ही दोन धरणं, मग आमच्या नदीत आणखी ८० किलोमीटरच्या आसपास, असं पोहून आलेला मासा ताकद राखूनच उभा राहणार.

तुमची फ्लाय त्या धावत्या पाण्याच्या पलीकडे पडत होती. मधला प्रवाह दोरीचं पोट धरून ओढतो आणि फ्लाय पट्टीवरून सुसाट निघून जाते. म्हणून फ्लाय पडल्या पडल्या रॉडच्या टोकाने दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायची. याला आम्ही मेंड म्हणतो. मग फ्लाय अलीकडच्या संथ पाण्याजवळ आली की नेमका उलटा प्रकार होतो. दोरी सुस्तावते, फ्लाय लोंबकळते, गळ गोट्यांत जातो. तिथे दोरी खालच्या बाजूला ठेवायची आणि रॉडचं टोक काठाकडे न्यायचं, म्हणजे फ्लाय पुन्हा जिवंत होते. एकाच फेकीत दोन्ही करावं लागतं. मी आधी वर आणि नंतर खाली सांगत होतो, ते याच क्रमाने. आणि सर, मासा तुम्हाला लागला तो कधी, आठवून बघा. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच खालचा मेंड वेळेवर केलात, फ्लाय पट्टीच्या कडेने वळली, आणि दोरी दोनदा थडथडली. चुकीच्या जागी हे होत नाही.

मग तो सुटला कसा? पहिल्या थडथडीला तुम्ही रॉड जोरात वर खेचलात.

तुम्ही मला सांगितलं होतंत की लहानपणी दापोलीकडे खाडीत खूप गरवलंय, आणि “मला शिकवू नका” असंही म्हणालात. मीही कोकणातलाच आहे, मालवणच्या बाजूचा. खाडीत गरवताना आमिष असतं, मासा ते तोंडात घेतो, आणि तिथे हिसका द्यावाच लागतो. तो हिसका आपल्या हातात बसलेला असतो, हे मला पक्कं माहीत आहे. पण इथे आमिष नाही. नदीत आलेला स्टीलहेड फारसं खातही नाही. तो ताणलेल्या दोरीच्या टोकाची फ्लाय तोंडात धरतो आणि आपल्या जागेकडे वळतो. वळताना दोरी आणि प्रवाह मिळूनच गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात रोवतात. आपण काही करायचं नसतं. रील ओरडायला लागली, दोरी जायला लागली, की मगच रॉड काठाच्या बाजूला वळवायचा. मासा वळायच्या आधी खेचलं तर फ्लाय समोरून तोंडाबाहेर निघते. गळ कितीही धारदार असला तरी निघते.

मी ओरडलो असंही लिहिलंत. कमरेएवढ्या पाण्यात, नदीच्या आवाजात “सोडा, ओढू नका” हे हळू सांगून ऐकू जात नाही. तुम्ही घसरू नये म्हणून पट्टा घट्ट करा, काठी टेका, हेही मी तसंच ओरडून सांगत होतो. त्यात तुमचा अपमान करण्याचा हेतू नव्हता.

आता त्या गळाचं. फ्लाय ग्रीन बट स्कंक होती, काळं अंग, हिरवं बूड, पांढरा पंख. मी स्वतः बांधलेली. दगडाला एकदा घासला तरी टोक जातं, म्हणून मी दर थोड्या वेळाने तुमची फ्लाय हातात घेऊन बघत होतो. तुम्हाला वाटलं असेल उगाच वेळ काढतोय. मासा सुटल्यावर मी तोच गळ तुमच्या अंगठ्याच्या नखावर टेकवला होता. बोथट गळ नखावरून घसरतो. हा रुतला आणि तिथेच थांबला. तुम्ही पाहिलंत, “हं” म्हणालात, तुमचे मेहुणेही शेजारीच होते. मग रिव्ह्यूमध्ये बोथट कुठून आला?

दुपारी तीन तास सावलीत बसवलं, ही तक्रार मी समजू शकतो. ऊन दरीत थेट पाण्यावर उतरलं की मासे दबून राहतात. तेवढ्या वेळात नुसतं पाणी झोडपून जागा बिघडवण्यापेक्षा संध्याकाळच्या सावलीची वाट पाहिलेली बरी. घरी न्यायला काही मिळालं नाही, याबद्दल एवढंच की शेपटीजवळचा छोटा पर शाबूत असलेला रानटी स्टीलहेड सोडावाच लागतो. ठेवता येतो तो फक्त पर कापलेला, हॅचरीत म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला. तुमचा कोणता होता ते कळलंच नाही.

आमचा हंगाम मुळात छोटा. २०२१ मध्ये बॉनव्हिलला मोजलेले स्टीलहेड इतके कमी भरले की डेशूट्सवर त्यांची मासेमारीच बंद करावी लागली. अशा धंद्यात एकेका गिऱ्हाइकाची किंमत मला कळते आणि कुणाला फसवून माझं भागणार नाही. पुढे बुकिंगच्या वेळीच दुपारची विश्रांती, मासे सोडण्याचे नियम वगैरे आणखी नीट सांगत जाऊ. जमलं तर पाण्यात उतरण्याआधी काठावर थोडा जास्त सरावही घेऊ.

तुम्हाला पुन्हा यायचं असेल तर सप्टेंबरअखेर या, अर्धा दिवस माझ्याकडून. नसेल यायचं तरी हरकत नाही. तारेही दोनच राहू द्यात, दिवस तुमचा होता, मत तुमचं आहे. फक्त ‘गळ बोथट होता’ हे तेवढं काढा, ही हात जोडून विनंती. ते खरं नाही, आणि ते वाचून उद्या कुणी फोन केला नाही तर मला कळणारसुद्धा नाही.

आपला,
डेशूट्सवरचा गाईड, मॉपिन, ओरेगन