ढिला बोल्ट कसा जपावा

तुमच्या मोटरसायकलच्या इंजिनाचा फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा, दर दीडशे किलोमीटरला ढिला होतो, हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे गाडी जुनी आहे, एका सिलिंडरची आहे आणि तुम्ही ती नुकतीच हौसेने नवी करून घेतली आहे. अशा गाडीचा एकही बोल्ट ढिला नसेल, तर रविवारी सकाळी माणसाने करायचं काय? गच्चीवरची टाकी धुवायची?

तेव्हा तो घट्ट करण्याच्या भानगडीत पडू नका. नीट जपा. मी माझा दोन पावसाळे जपला आहे, त्या अनुभवावर चार गोष्टी सांगतो.

ढिला दिसला की आवळायचा, हे पहिलं पथ्य. का ढिला झाला, हे विचारायचं नाही. कारण शोधायला लागलं की कारण सापडण्याचा धोका असतो. आवळतानाही जोर पुस्तकातला नको. पुस्तकवाले दहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ४५ न्यूटन मीटर सांगतात. म्हणजे तीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर पंधरा किलोचा जोर. पंधरा किलो! एवढं वजन तर आपण दळणाच्या डब्यात घेऊन जिना चढतो. पाना लोखंडी पाइपात खुपसा, एक पाय फूटरेस्टवर रोवा आणि ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत ओढा. त्या आवाजाला आपल्याकडे ‘बसला’ म्हणतात. बोल्टचं मत वेगळं असतं, पण त्याला कोण विचारतो?

काही चिकित्सक लोक सांगतील की बोल्ट ही मुळात एक कडक स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित ताणला जातो, मागे यायला बघतो, आणि त्या मागे येण्याच्या ओढीनेच दोन भाग एकमेकांना घट्ट धरून राहतात. आपण लावलेल्या जोरातला नव्वद टक्के डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो, ताण म्हणून उरतो जेमतेम दहा टक्के. आणि मर्यादेपलीकडे ताणला की बोल्ट लेंग्याच्या जुन्या इलॅस्टिकसारखा होतो. लांब झालेला, पण धरत काहीच नाही. हे सगळं खरं आहे, म्हणून ऐकू नका.

बोल्ट बदलायची वेळ आलीच तर त्याच्या डोक्यावर आकडा आहे का ते पाहा, आणि असेल तर ठेवून द्या. ८.८ लिहिलेला बोल्ट प्रति चौरस मिलिमीटर ८०० न्यूटनपर्यंत तुटत नाही आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा ताणलाही जात नाही. असला मख्ख बोल्ट आपल्या काय कामाचा? जुन्या बाजारात जा. तिथे ढिगातून कोऱ्या डोक्याचा, चकचकीत मुलामा दिलेला, आटे जवळजवळ जुळणारा बोल्ट निवडा. नाना पेठेतल्या दुकानदाराने त्याच्या दुप्पट भाव सांगितला होता, हे घरी येऊन चारचौघांना सांगा. बोल्ट खरेदीतलं खरं सुख तेच आहे.

आता स्प्रिंग वायसर, म्हणजे नटाखालची ती चिरलेली, किंचित पिळलेली चकती. याच्याशिवाय महाराष्ट्रात कुठलंही यंत्र उभं राहत नाही अशी आपली श्रद्धा आहे, आणि ती राहू द्या. नासाने १९९० साली बोल्ट-नटांवर एक मार्गदर्शिका काढली. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की बोल्ट पूर्ण आवळेपर्यंत हा वायसर चपटा होऊन जातो, मग तो साध्या वायसरासारखाच, लॉक म्हणून निरुपयोगी. असेल. नासाने यानं चंद्रावर उतरवली, खंबाटकीचा घाट जुन्या गाडीवर डबलसीट चढवलेला नाही. एक वायसर पुरत नसेल तर दोन टाका. मी तीन टाकले होते. तीन वायसर मिळून नटाला आट्यांवर जागाच उरली नाही, त्यामुळे तो आवळण्याचा प्रश्नच मिटला.

दोन नट एकावर एक लावायचा सल्लाही मिळेल. त्यात पातळ नट आधी आणि जाड नट वरून, असा क्रम असतो. तुम्ही उलटा लावा. सगळे तसाच लावतात, दिसायलाही तोच बरा.

मग येतं ते आटे चिकटवणारं बाटलीतलं औषध, लॉकटाइट. व्हर्नन क्रीबल नावाच्या अमेरिकन रसायनाच्या प्राध्यापकाने १९५३ साली ते शोधलं. हवा असेपर्यंत ते पातळ राहतं. आट्यांमध्ये धातूच्या संगतीत कोंडलं, हवा संपली की घट्ट होतं. म्हणून तर बाटली अर्धीच भरलेली येते, उरलेली हवा ते पातळ ठेवायला लागते. पण हे दुकानदाराला ठाऊक नसतं आणि आपल्यालाही नसावं. अर्धी बाटली पाहून काउंटरवर दहा मिनिटं भांडा. घरी आल्यावर आटे पुसू नका. तेल, वंगण, मागच्या पावसाळ्याचा चिखल, सगळ्यासकट दोन थेंब सोडा आणि लगेच किक मारून फेरफटका मारून या. औषध आट्यांना न धरता चिखलाला धरेल. पुढच्या रविवारी तो चिखल खरवडायचं काम तयार.

एवढं करूनही कोणी तरी हुशार भेटतो. मला माझी भाची भेटली, वय वर्षं तेरा. मी पाइप घेऊन घाम गाळत होतो, ती शेजारी बसून नखं रंगवत होती. म्हणाली, “मामा, तो फिरतोय हे तुला कसं माहीत?” मी म्हटलं, “ढिला होतो म्हणजे फिरणारच की.” तिने उठून नटावरून खाली प्लेटपर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली आणि परत नखांकडे वळली.

ही रेघ तुम्ही चुकूनही ओढू देऊ नका. साताऱ्याला जाऊन आलो, सव्वादोनशे किलोमीटर. बोल्ट हाताने हलत होता. आणि रेघ जशीच्या तशी, अखंड.

म्हणजे नट केसभरही फिरला नव्हता. मग घट्टपणा गेला कुठे?

मी घाबरून मिस्त्रीकडे गेलो. त्याने रेघ पाहिली, बॅटरी मारून बोल्टच्या डोक्याखाली पाहिलं, नखाने काही तरी टोकरलं. “साहेब, फ्रेमला पावडर कोटिंग कुठं केलं?” मी अभिमानाने सांगितलं. पावडर उडवून भट्टीत भाजलेला रंग, काळाभोर, आरशासारखा, दोन हात मारून घेतला होता. पोटाला चिमटा काढून पैसे जमवले होते. “हां,” तो म्हणाला. “बोल्टचा ताण तुमचा रंग खातोय.”

मग त्याने जे सांगितलं ते मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. दहा सेंटीमीटर लांबीचा चांगला बोल्ट पुरता आवळला तर ताणला जातो किती? जेमतेम ०.२ मिलिमीटर. इंजिनाची सगळी पकड एवढ्याशा ताणावर. आणि पावडर कोटिंगचा एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०६ ते ०.१ मिलिमीटरचा. डोक्याखाली रंग, प्लेट आणि फ्रेमच्या मध्ये रंग, पलीकडे नटाखाली रंग, आणि सगळीकडे दोन-दोन हात. इंजिन तापलं की तो रंग दाबाखाली बसत जातो. थोडा थोडा मिळून तो ०.२ मिलिमीटर दबला की बोल्ट जागच्या जागी, एक आटाही न सोडता, ढिला. त्यानंतर प्लेट आडवी सरकू लागते. आडवं सरकणंच बोल्टला खरं उलगडतं, हे गेरहार्ट युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ साली दाखवून दिलं आहे. तीन हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला पन्नास हिसके देतं. तेव्हा बोल्ट रस्त्यात पडलेला सापडतो तो शेवटचा अंक. नाटक रंगाच्या दुकानातच सुरू झालेलं असतं.

उपाय मिस्त्रीने लगेच सांगितला. बोल्टच्या भोवती, जिथे धातूला धातू भिडायला हवा तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडायचा. गंज नको म्हणून ग्रीसचं बोट फिरवायचं. नवा ८.८ बोल्ट, पुस्तकातला जोर. अर्ध्या तासाचं काम. वर जोडले की ते नाणं दिसणारही नव्हतं.

त्याने पॉलिश पेपर हातात घेतला तसा मी फ्रेम आणि त्याच्या मधे उभा राहिलो. तुम्हीही असेच उभे राहा. बोल्टला नावं ठेवा, वायसरला ठेवा, रस्त्यावरच्या खड्ड्यांना तर ठेवाच, हवं तर मिस्त्रीच्या तोंडावर त्याच्या हाताला ठेवा. ज्या गोष्टीचे फोटो आपण सगळ्या नातेवाइकांना पाठवले, तिच्याकडे बोट जाता कामा नये.

“रंगाला हात लावायचा नाही,” मी म्हणालो.

मिस्त्रीने पॉलिश पेपर घडी करून खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं, आणि आत हाताखालच्या माणसाला हाक मारली, “पाइप आण रे!”