जड बॅटरी म्हणजे मजबूत बॅटरी नव्हे

शेतीची लाइट रात्रपाळीला गेली की आमच्या वाळवा तालुक्यात हातातल्या बॅटरीबद्दल, म्हणजे टॉर्चबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो. ‘छोटी बॅटरी म्हणजे पोरांचं खेळणं. घेताना चार गोष्टी बघा : हातात जड लागली पाहिजे, पेटवल्यावर गरम होता कामा नये, लुमेनचा आकडा मोठा हवा आणि झूमची असावी.’ माझ्या चुलतभावानं हेच वाचून परवा नवी बॅटरी आणली, म्हणून हे लिहायला बसलो. रात्री अकराला दारं धरायला उसात शिरणाऱ्या माणसाला पायापुढची घोणस वेळेवर दिसली पाहिजे. तिथं चुकीचा सल्ला महागात पडतो.

गरम होण्याचं आधी घेतो, कारण ते सगळ्यात उलटं सांगितलंय. एलईडीला दिलेली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. ही उष्णता प्रकाशाबरोबर बाहेर पडत नाही, ती ॲल्युमिनियमच्या अंगात उतरावी लागते. डोक्याभोवतीच्या खाचा त्यासाठीच असतात. फुल उजेडावर पाच मिनिटं ठेवूनही डोकं थंडच, तर एक तर उजेडच कमी आहे किंवा उष्णता आत कोंडलीय. कोंडली की एलईडी मंदावतो आणि लवकर जातो. चांगली छोटी बॅटरी तापली की स्वतःच उजेड थोडा उतरवते, आणि लोक तिला खराब समजून परत करतात! बंद असताना गरम लागली किंवा चार्जिंगला लावल्यावर चटका बसला, तर मात्र ती वापरू नका.

लुमेन हे उजेडाचं माप, त्याचं गणित घरी करता येतं. एलईडी एका वॉटला साधारण १०० ते १५० लुमेन देतो. म्हणजे खोक्यावरच्या १०,००० लुमेनला ८० वॉटच्या आसपास लागतील. आत १८६५० चा एक सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. चांगल्यातला चांगला असला तरी त्याची साठवण ३,५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) आसपास, म्हणजे जेमतेम १३ वॉट-तास. दहा मिनिटंसुद्धा पुरणार नाहीत, आणि खोक्यावर आठ तास लिहिलेले! सेलवर ९,९०० एमएएच छापलं असेल तर तो आकडा खोटाच, या मापात तेवढं मावत नाही. शिवाय लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो किती लांब जातो हे त्यावरून कळत नाही. लांबीचा आकडा मीटरमध्ये वेगळा देतात, आणि तोही पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो तिथपर्यंतचा. कामाचा उजेड त्याच्या निम्म्या अंतरापर्यंत धरा.

आता झूम. झोत लहानमोठा करायला पुढचं तोंड मागंपुढं सरकतं तेव्हा आत सायकलच्या पंपासारखी हवा ओढली जाते. हवेबरोबर ओल येते, धूळ येते. दोन वर्षांपूर्वी माझी झूमची बॅटरी पाटात पडली. लगेच उचलून पुसली, चालू होती. बांधावर येऊन झूम केला आणि काचेला आतून धुकं धरलं. दहा मिनिटांत बंद. चारी बाजूंनी डोक्याच्या वर ऊस, मोबाइल घरी, आणि बिबट्याची बातमी त्याच आठवड्यातली. मोटरच्या आवाजाच्या रोखानं चाचपडत बाहेर आलो.

आता वापरतो ती वीतभरही नाही. मागचं टोपण फिरवलं की आटे जाड, सपाट माथ्याचे दिसतात, फिरवताना कुरकुर नाही. खाली रबरी रिंग, तिला बोट लावलं की ग्रीसचा हलका थर लागतो. टोपण पूर्ण बसल्यावर रिंग दिसत नाही. आटे अंगाच्याच काळ्या रंगाचे आहेत, कारण त्यांच्यावरही ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला कठीण थर, आहे. त्या थरातून वीज जात नाही, त्यामुळे टोपण पाव फेरा सैल केलं की बटण दाबलं तरी ती पेटत नाही. खिशात आपोआप पेटून सेल उतरायचं भय गेलं. खोक्यावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ नाही, आयपीएक्स ८ आहे, म्हणजे पाणी किती सोसते त्याचा दर्जा. आयपीएक्स ४ असेल तर फक्त शिंतोडे सोसते. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास, ८ त्याच्याही पुढं.

राहिलं वजन. चुलतभावाची बॅटरी काल उघडली. चुंबक लावला तर नळीला चिकटला, म्हणजे ॲल्युमिनियम नाहीच, लोखंड. जडपणा सगळा तिचा, आणि लोखंड उष्णताही ॲल्युमिनियमपेक्षा खूप कमी वाहून नेतं. आतला सेल सोनाराच्या काट्यावर २८ ग्रॅम भरला. खरा ४५ च्या आसपास भरतो.

उद्या तो ती परत द्यायला आष्ट्याला जाणार आहे. आज रात्री पाण्याला माझी घेऊन गेलाय.